कॉलेजच्या लॅबमधला स्क्विड प्रॉक्सी सकाळी दहाला अडतो: रॅम वाढवू की डिस्क बदलू?

लॅब_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका कॉलेजच्या तीन लॅबना मिळून एकच स्क्विड प्रॉक्सी आहे (सगळ्यांचं नेट ज्यातून जातं आणि आलेल्या फायली जो पुढच्यासाठी कॅशमध्ये साठवतो तो मधला सर्व्हर), साधारण १४० मशीन त्यावर चालतात. दोन लॅबमध्ये विंडोज, तिसरीत उबुंटू. लाइन १०० एमबीपीएस फायबर. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉपच: चार कोअर, ८ जीबी रॅम, १ टीबीची एकच ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. त्यावर उबुंटू २२.०४ आणि स्क्विड ५.

सकाळी दहाला लॅब सुरू झाल्या की साधं पान उघडायला वीस-तीस सेकंद लागतात. मधेच काही मशीनवर पान नुसतं फिरत राहतं, कनेक्शनच लागत नाही. दुपारनंतर जरा सुधारतं. विद्यापीठाचे परीक्षा अर्ज भरायचे असले की पोरं रांगेत आणि पान अर्धवट, अशी गत. आणि लाइट जाऊन आली की पुढचा अर्धा तास तर विचारूच नका. नवीन बसवला तेव्हा हाच सर्व्हर उत्तम पळत होता, कॅश भरत गेली तसा मंदावला. सीपीयू वीस टक्क्यांच्या वर जात नाही. सकाळी लॅपटॉप थेट राउटरला लावला तरी नेट मंदच लागतं. प्रोव्हायडर म्हणतो, तुमची लाइन तुमच्याकडूनच पूर्ण भरलेली दिसते.

सेटिंग: कॅश_मेम ४०९६ एमबी. कॅश_डिर (डिस्कवरची कॅश) यूएफएस प्रकारची, आकार २००००० एमबी, पुढे १६ आणि २५६ (उपफोल्डरांची संख्या). विंडोज अपडेट कॅश व्हावेत म्हणून नेटवरून घेतलेल्या दोन-तीन ओळी आहेत. बाकी सगळं मूळचंच.

रॅम १६ जीबी करावी की एसएसडी घ्यावी? दोन्हींना एकदम मंजुरी मिळणार नाही.

मिरज_जंक्शन

दोन्ही थांबवा साहेब. आधी मोजा, मग खर्चाचं बघू. ‘स्क्विडक्लायंट’ हे पॅकेज उबुंटूत वेगळं टाकावं लागतं, ते टाका. सकाळी ऐन गर्दीत ‘स्क्विडक्लायंट एमजीआर:इन्फो’ चालवून आउटपुट फाइलमध्ये साठवा, दुपारी शांत वेळेला पुन्हा एकदा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

त्यात ‘मिडियन सर्व्हिस टाइम्स’ असा तक्ता येतो, ५ मिनिटांचा आणि ६० मिनिटांचा. त्यातल्या तीन ओळी कामाच्या: कॅश मिस, कॅश हिट आणि डीएनएस लुकअप (साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणं). मिस म्हणजे फाइल बाहेरून आणायची; हिट म्हणजे फाइल आपल्याच सर्व्हरवर आहे, बाहेर जायचंच नाही. ती काही मिलिसेकंदांत सुटायला हवी. हिटलाच अर्धा-पाऊण सेकंद लागत असेल तर दोष घरातला, म्हणजे डिस्क, स्वॅप (रॅम अपुरी पडली की मेमरी डिस्कवर ठेवणं) किंवा एखादं अवजड नियमांचं लफडं. हिट चपळ आणि मिस मंद असेल तर लाइन किंवा पलीकडचा सर्व्हर. ‘स्क्विड मंद आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही, या तीन आकड्यांतून बरंच कळतं.

ॲक्सेस लॉग वाचताना एक चकवा आहे. दुसऱ्या रकान्यातला वेळ मिलिसेकंदात असतो, हे बरोबर. पण टीसीपी_टनेल (प्रॉक्सीने आत न बघता नुसतं पुढे पोचवलेलं कनेक्शन) असं लिहिलेल्या ओळीत तो वेळ म्हणजे ते कनेक्शन किती काळ उघडं राहिलं तो. तिथं ३००००० दिसलं म्हणजे पान उघडायला पाच मिनिटं लागली असं नाही, कुणाचा तरी टॅब पाच मिनिटं उघडा होता एवढंच. एचटीटीपीएसचं सगळं याच सदरात येतं, त्यामुळे त्या रकान्याची सरासरी काढून अर्थ लावत बसू नका.

आता मेमरीचा हिशेब, कारण तुमच्या प्रश्नातच तो चुकलेला दिसतोय. कॅश_मेम म्हणजे स्क्विडची एकूण मेमरी नव्हे. ती फक्त मेमरीत ठेवायच्या वस्तूंची जागा. डिस्कवरच्या कॅशची अनुक्रमणिका वेगळी असते आणि ती सगळीच्या सगळी रॅममध्ये राहते. ६४ बिटवर दर जीबी डिस्क कॅशमागे साधारण १४ एमबी धरा. तुमची २०० जीबी, म्हणजे २८०० एमबी. त्यात कॅश_मेमचे ४०९६ मिळवा, झाले ६८९६ एमबी. वर चालू कनेक्शनचे बफर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची फाइल कॅश. ८ जीबीत हे मावत नाही, मशीन स्वॅपला जातं. स्क्विडची मेमरी एकदा स्वॅपवर गेली की प्रत्येक रिक्वेस्टला अनुक्रमणिका डिस्कवरून ओढावी लागते, आणि तीच डिस्क तिकडे कॅशच्या फायली वाचत असते.

‘नवीन असताना उत्तम पळत होता’ याचं कारण हेच. अनुक्रमणिका कॅश भरेल तशी वाढते. रिकाम्या कॅशवर कुठलंही सेटिंग चांगलंच वाटतं.

खात्रीसाठी ‘व्हीएमस्टॅट १’ लावा आणि ‘एसआय’, ‘एसओ’ (स्वॅपमधून आत, स्वॅपकडे बाहेर) हे दोन रकाने बघा. गर्दीच्या वेळी तिथं शून्य सोडून आकडे सतत पळत असतील तर स्वॅप चालू आहे. ‘आयओस्टॅट’मध्ये डिस्कची ‘युटिल’ (किती टक्के वेळ गुंतलेली) शंभराला टेकलेली असेल. ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला शंभरेक इकडच्या-तिकडच्या वाचन-लेखनांपलीकडे जात नाही. सीपीयू वीस टक्के दिसतो तो त्यामुळेच, तो बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय.

त्या विंडोज अपडेटच्या ओळी मात्र जशाच्या तशा इथं टाका. (उच्चाराप्रमाणे लिहा, समजेल.)

बेदाणा

डीएनएस आधी बाद करून टाका, दोन मिनिटांचं काम. ‘एमजीआर:आयडीएनएस’ चालवा, त्यात प्रत्येक नेमसर्व्हरपुढे (नावांचे पत्ते सांगणारा सर्व्हर) किती प्रश्न गेले आणि किती उत्तरं आली ते दिसतं. पहिला नेमसर्व्हर मेलेला असेल तर स्क्विड दर नव्या नावासाठी आधी त्यालाच विचारतो, ५ सेकंद थांबतो, मग दुसऱ्याकडे वळतो. एका पानावर दहा वेगवेगळी डोमेन असली की काय होतं बघा. राउटर बदलल्यावर जुना पत्ता सेटिंगमध्ये तसाच राहिला, असं सर्रास होतं.

आणखी एक. जुन्या लेखांमधून डीएनएस_व्ही४_फर्स्ट ही ओळ घेतली असेल तर काढा. स्क्विड ५ मध्ये ती उरलेलीच नाही, तो आता आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ यांचा मेळ स्वतः घालतो.

लॅब_सांगली

सकाळचे आकडे आणलेत.

हिट ०.६८ सेकंद, मिस २.४, डीएनएस ०.०३. दुपारी हिट ०.२१, मिस ०.४. आयडीएनएसमध्ये दोन्ही नेमसर्व्हर उत्तरं देताहेत, तेव्हा डीएनएस नाही. व्हीएमस्टॅटमध्ये एसआय-एसओ सतत हलतंय. कमाल फाइल डिस्क्रिप्टर (एका वेळी उघड्या फायली-कनेक्शनांची मर्यादा) १०२४, आणि कॅश लॉगमध्ये ‘रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स’ असा इशारा रोज दहा-साडेदहाच्या सुमाराला. एकूण रिक्वेस्टपैकी हिट ६ टक्के, बाइटच्या हिशेबाने ४ टक्के.

विंडोज अपडेटच्या ओळी: रेंज_ऑफसेट_लिमिट नन. क्विक_अबॉर्ट_मिन -१ केबी. आणि एक रिफ्रेश_पॅटर्न (फाइल कॅशमध्ये किती काळ ताजी धरायची तो नियम), .कॅब, .एक्सई, .एमएसयू वगैरे शेपटांसाठी. मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ आम्ही दिलेलं नाही.

कंदी_सातारा

मंडळी, लाइन का भरते त्याचं उत्तर शेवटच्या वाक्यात आहे.

विंडोज अपडेट मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी मागतो: अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत. रेंज_ऑफसेट_लिमिट मूळ स्थितीत शून्य असतं, म्हणजे ग्राहकाने मागितला तेवढाच तुकडा स्क्विड आणतो. ‘नन’ केलंत की तो तुकडा मागितला तरी अख्खी फाइल पहिल्या बाइटपासून आणतो, पुढेमागे कॅशमधून देता यावी म्हणून. क्विक_अबॉर्ट_मिन -१ म्हणजे ग्राहक मधेच निघून गेला तरी डाउनलोड थांबवायचं नाही.

कल्पना ठीक आहे, पण ती फाइल शेवटी कॅशमध्ये राहिली तरच. मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ दिलं नाही तर कॅशमध्ये ठेवायच्या फाइलची मर्यादा ४ एमबी. पाचशे एमबीची फाइल स्क्विड पूर्ण आणतो, त्यातला मागितलेला तुकडा देतो, बाकीची टाकून देतो. पुढचा तुकडा, पुढचं मशीन, पुन्हा तेच. तांब्याभर पाण्यासाठी अख्खा टँकर मागवून उरलेला गटारात सोडावा, तसं. चाळीस मशीननी एकेकदाच अशी फाइल ओढली तरी २० जीबी होतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तेव्हा लाइन २७ मिनिटं ठार भरलेली. आणि तुकडे एकापेक्षा जास्त असतात.

पडताळा असा घ्या. सकाळी ‘एमजीआर:५मिन’ चालवून दोन ओळी शेजारी ठेवा: ‘सर्व्हर.ऑल.केबाइट्स_इन’ म्हणजे बाहेरून आत आलेलं, आणि ‘क्लायंट_एचटीटीपी.केबाइट्स_आउट’ म्हणजे लॅबला दिलेलं. धड चालणाऱ्या कॅशमध्ये दिलेलं हे आणलेल्याच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त असतं. आणलेलं दिलेल्याच्या कितीतरी पट दिसलं, तर प्रॉक्सी कुणालाच नको असलेला माल उतरवतोय. हे एकदा बघितलं की प्रोव्हायडरशी भांडायची गरज उरत नाही.

आता विचारतो ते महत्त्वाचं: विंडोज मशीनवर रीस्टार्टला सगळं पूर्ववत करणारं फ्रीझ सॉफ्टवेअर आहे का? लॅबमध्ये बहुधा असतंच. असेल तर रोज सकाळी मशीन सुरू झालं की विंडोज अपडेट शोधतो, उतरवायला लागतो, संध्याकाळी बंद केलं की ते पुसलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. दहाचीच वेळ का, तर हे. अशा मशीनवर अपडेट बंद ठेवायचे आणि आठवड्यातून एका रात्री फ्रीझ उघडून करायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये देखभालीची वेळ लावायची सोय असते.

मग त्या तीनही ओळी काढून टाका. ‘अपडेट कॅश करायचेतच’ असा हट्ट असेल तर रेंज_ऑफसेट_लिमिटपुढे फक्त अपडेटच्या डोमेनची एसीएल (नियम कशाला लागू ते ठरवणारी यादी) जोडा, आणि मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ काही जीबी करून कॅश_डिरच्या ओळीच्या वर लिहा. पण त्यापेक्षा विंडोजचंच डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन वापरा: ग्रुप पॉलिसीत डाउनलोड मोड १ केला की मशीन एकमेकांकडून तुकडे घेतात, त्यासाठी लॅबच्या आत टीसीपी पोर्ट ७६८० मोकळं असावं लागतं. प्रॉक्सीवर मग तेवढा भार येत नाही.

मिरज_जंक्शन

कंदीसाहेबांनी मुळावरच बोट ठेवलं. डिस्क्रिप्टरचं मी सांगतो, कारण ‘कनेक्शनच लागत नाही’ ते त्याच्यामुळे.

क्रोम एका प्रॉक्सीकडे जास्तीत जास्त ३२ कनेक्शन उघडतो. प्रत्येक टनेलला स्क्विडकडे दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक लॅबच्या बाजूचा, एक बाहेरचा. १४० गुणिले ३२ गुणिले २ म्हणजे ८९६०. एवढी गर्दी एका क्षणी होत नाही, पण १०२४ तर निम्म्या मशीनलाही पुरणार नाहीत. संपले की स्क्विड नवीन कनेक्शन घेणं थांबवतो, जुनी सुटेपर्यंत ब्राउझर नुसता फिरत राहतो.

सेटिंगमध्ये मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स १६३८४ लिहा. शिवाय ‘सिस्टिमसीटीएल एडिट स्क्विड’ करून सर्व्हिसच्या भागात लिमिटनोफाइल=१६३८४ द्या. याला नुसतं रीलोड चालत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. सुरू झाल्यावर कॅश लॉगच्या पहिल्या काही ओळींत ‘विथ १६३८४ फाइल डिस्क्रिप्टर्स अव्हेलेबल’ असं दिसलं तरच झालं समजा.

मेमरीसाठी कॅश_मेम १०२४ एमबी आणि डिस्क कॅश ३०००० एमबी. ३० गुणिले १४ म्हणजे ४२० एमबीची अनुक्रमणिका. सगळं मिळून दोन-अडीच जीबीत बसतं, उरलेली रॅम लिनक्स फाइल कॅशला वापरेल आणि ती वाया जात नाही. प्रकार यूएफएसऐवजी एयूएफएस ठेवा. यूएफएसमध्ये डिस्कचं वाचन होईपर्यंत अख्खा स्क्विड तिथंच खोळंबतो, म्हणजे एका पोराच्या हिटसाठी बाकी सगळे थांबलेले. एयूएफएसमध्ये ते काम वेगळे थ्रेड करतात.

बेदाणा

माझं मत जरा वेगळं. बाइटच्या हिशेबाने ४ टक्के हिट येताहेत, त्यासाठी डिस्क कॅश ठेवायचीच कशाला? आजकाल बहुतेक पानं एचटीटीपीएस, त्यातलं काही कॅश होत नाही. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्येही डिस्क कॅश नसतेच. कॅश_डिरची ओळ काढा, १ जीबी कॅश_मेम ठेवा, मोकळे व्हा. लाइट गेल्यानंतरचा अर्धा तासही वाचेल.

टनेल फोडून (एचटीटीपीएसचं कूटबंधन प्रॉक्सीवर उघडून) कॅश करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्रत्येक मशीनवर आपलं प्रमाणपत्र घालावं लागतं, आणि बँकेचा पासवर्डही प्रॉक्सीसमोर उघडा होतो. कॉलेजात तर नकोच.

कंदी_सातारा

विंडोजच्या लॅबपुरतं बेदाणांचं पटतं. पण तिसरी लॅब उबुंटूची आहे. उबुंटूची पॅकेजेस अजून साध्या एचटीटीपीवरून येतात, सह्या तपासून घेतली जातात, आणि तीच फाइल सगळ्या मशीनना लागते. तिथं डिस्क कॅश खरोखर कामाला येते. फक्त मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ ५१२ एमबी करा, नाहीतर ४ एमबीच्या वरची पॅकेजेस बाहेर राहतात आणि मोठी तीच असतात. म्हणून ३० जीबी ठेवा म्हणतो, २०० नको.

लाइट गेल्यानंतरचा अर्धा तास म्हणजे अनुक्रमणिकेची फेरबांधणी. नीट बंद झालेल्या स्क्विडकडे यादी स्वच्छ असते. वीज अचानक गेली की कॅश लॉगमध्ये ‘डर्टी लॉग’ असा उल्लेख येतो आणि ‘स्टोअर रीबिल्डिंग’ किती टक्के झालं ते दिसत राहतं. तोवर डिस्क त्यातच गुंतलेली. यूपीएस आहे का नुसता इन्व्हर्टर, हे बघा. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून बॅटरी उतरायच्या आत सर्व्हर नीट बंद होईल असं करा. स्क्विड बंद होताना चालू कनेक्शनसाठी मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद थांबतो, ते शटडाउन_लाइफटाइम ५ सेकंद करा. बॅटरीवर तेवढाच जीव असतो.

कॅश लहान करताना नुसता आकडा बदलून रीलोड करू नका. २०० वरून ३० वर यायला तो बसून लाखो फायली एकेक करून पुसत राहील आणि सोमवारी सकाळी तुमची हालत आजपेक्षा वाईट. स्क्विड थांबवा, जुनं फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला सरकवा, त्याच जागी नवीन फोल्डर करून मालकी ‘प्रॉक्सी’ या वापरकर्त्याला द्या. ‘स्क्विड -के पार्स’ने सेटिंग तपासा, ‘स्क्विड -झेड’ने आतले उपफोल्डर तयार होऊ द्या, ते संपलं याची खात्री करून मगच सर्व्हिस सुरू करा. जुनं फोल्डर रविवारी रात्री डिलीट करा, लॅब चालू असताना नव्हे.

लॅब_सांगली

फ्रीझ आहेच. आणि ५ मिनिटांच्या आकड्यांत आत येणारं सेकंदाला ११२०० केबी, लॅबला दिलेलं २९०० केबी. म्हणजे तुम्ही म्हणता तसा टँकर गटारात.

तिन्ही ओळी काढल्या, डिस्क्रिप्टर वाढवले, कॅश नवीन केली. एयूएफएस, ३० जीबी. आज गर्दीत हिट ०.००४, मिस ०.१९. स्वॅप हलत नाही. अपडेटची वेळ शनिवार रात्र लावतोय.

एकच उरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये कुठलीही नवी साइट पहिल्यांदा उघडताना दोन-चार सेकंद थांबते, मग पळते. तिथं प्रॉक्सीचा पत्ता हाताने न देता पॅक फाइल (कुठल्या साइटला प्रॉक्सी वापरायचा हे ब्राउझरला सांगणारी स्क्रिप्ट) दिली आहे. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये त्या विलंबाचा मागमूस नाही.

मिरज_जंक्शन

लॉगमध्ये नाही कारण रिक्वेस्ट प्रॉक्सीपर्यंत पोचायच्या आधीच वेळ जातोय. पॅक फाइल उघडून बघा, त्यात ‘इझइननेट’ किंवा ‘डीएनएसरिझॉल्व्ह’ असणार. ही फंक्शन नावाचा आयपी काढायला मशीनच्याच डीएनएसला विचारतात. त्या लॅबमधल्या मशीनना बाहेरचं डीएनएस बंद असेल, तर उत्तर न येता टाइमआउट होईपर्यंत ब्राउझर थांबतो, मग प्रॉक्सीकडे वळतो. दर नव्या होस्टला हेच.

कॉलेजचा आतला सर्व्हर वगळण्यासाठीच ती तपासणी घातलेली असते. तेच काम नावावरून करा: ‘इझप्लेनहोस्टनेम’ आणि ‘डीएनएसडोमेनइझ’ नुसता मजकूर जुळवतात, डीएनएसला हात लावत नाहीत. आयपी टाकूनच उघडायचा सर्व्हर असेल तर ‘एसएचएक्सपीमॅच’मध्ये १९२.१६८.* असा नमुना द्या. फाइल बदलल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, जुनी पॅक फाइल त्याच्या मेमरीत असते. आणि फ्रीझ उघडायला विसरू नका, नाहीतर मशीनवर केलेला बदल उद्या सकाळी गायब.